सहा सेकंदांची दुपार

जांभळं आली की मला घरात बसवत नाही. आंब्याचं तसं नाही. आंबा आला की माणूस मांडी ठोकून बसतो, कोपरापर्यंत रस येऊ देतो, वर एक झोप काढतो. जांभूळ हे उभ्याउभ्या खायचं फळ. स्टेशनाबाहेर बाया टोपल्या मांडून बसतात, पानाच्या द्रोणात मीठ भुरभुरून देतात, आणि बदलापूर पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगपाशी पोचेपर्यंत द्रोण रिकामा आणि जीभ जांभळी. घरी गेल्यावर कुणी विचारलं तर जीभ दाखवायची. मग पुन्हा खाली उतरायचं.

हे दिवसच असे असतात. आभाळ भरून येतं आणि तसंच राहतं, काही पडत नाही. पंखा फिरतो, वारा त्याचा त्यालाच. मध्येच लाईट जाते. कपडे वाळत नाहीत, पीठ सैल होतं, अंगाला अंग चिकटतं. सगळं होणार होणार म्हणून अडून बसलेलं. अशा हवेत मी ओट्यापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून ओट्यापर्यंत इतकी चालते, की सरळ रेषेत चालले असते तर एव्हाना कर्जतला पोचले असते.

आणि दर वर्षी या दिवसांत मला तो एक हंगाम आठवतो, जेव्हा माझ्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी लढाई चालायची, आणि त्या लढाईत मी चोर होते.

आधी एका बाईची ओळख करून देते. बाई म्हणजे मीच, पण विशीतली. तिच्याशी माझं फारसं पटत नाही. ही बाई अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. हात असा चालायचा म्हणे, की सुपरवायझर इतरांना बघायला बोलवायचा. काय चालायचा, डोंबल! निम्म्या खोक्यांवर लेबल उलटं. ती सरळ करायला मागच्या बाजूला दोघीजणी बसवल्या होत्या, हे या वेगवान बाईला नोकरी सोडताना कळलं. तोवर ती ऐटीत. वेणीला झटका देऊन चालायची. दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात आलं की उरलेलं हिनं पूर्ण करायचं, आणि वर आपण किती हुशार म्हणून इकडेतिकडे बघायचं.

बदलापूर गावात हे मला बघायला आले, तेव्हाची गोष्ट. माझ्या वडिलांनी यांना विचारलं, "आपण काय करता?" हे मुळातच सावकाश. मशिनींचे नकाशे काढणारा माणूस. रेघ मारण्याआधी दोनदा पट्टी ठेवणारा. यांनी घसा साफ केला, बशी खाली ठेवली, आणि म्हणाले, "मी..." तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन आलेली ती बाई म्हणाली, "ड्राफ्ट्समन आहेत. पत्रिकेबरोबर लिहून आलंय की." माझ्या आईनं कपाळाला हात लावला. यांची आई मात्र हसली, "पोरगी चुणचुणीत आहे हो." चुणचुणीत! पुढे त्याच सासूबाई मला बोलताना मध्येच थांबवून म्हणायच्या, "माझं मला संपवू देशील का गं?"

यांनी मात्र कधी थांबवलं नाही. वाक्याचा पहिला अर्धा भाग यांचा, दुसरा माझा, असा आमचा संसार झाला. "मला वाटतं, या भिंतीला आपण..." "हो, निळाच देऊ." यांना पिवळा म्हणायचा असेल कदाचित. घर निळं झालं.

तर त्या वर्षी होळी उलटली आणि यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. पुरतं गेलं असंही नाही. समजत सगळं होतं. शब्द आत आहे हे डोळ्यांत दिसायचं. पण तोंडापर्यंत येताना तो वाटेत कुठेतरी बसकण मारायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हेच महिने महत्त्वाचे आहेत. यांना बोलतं ठेवा. जेवढं स्वतः बोलतील तेवढं परत येईल. गप्प बसायची सवय लागली, तर पुढे कठीण."

बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम अंबरनाथला होत्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पत्त्यांवरची चित्रं दाखवायच्या. कप. गाय. छत्री. "हे काय आहे, काका? गाऽऽ..." ज्या माणसानं जन्मभर यंत्रांची आतडी कागदावर उतरवली, त्याला गाय विचारायची! दुसऱ्या खेपेला यांनी डाव्या हातानं सगळे पत्ते टेबलावरून लोटून दिले. तिसऱ्या खेपेला रिक्षात बसेचनात.

राहिली घरची शिकवणी. तिथे मी होते ना! शब्द वाटेत बसला रे बसला, की मी धावत जाऊन त्याला उचलून आणायची. "पा..." "पाणी? पेपर? पाय चेपू? पान हवंय?" यांनी मान हलवायची, काम झालं. होता होता अक्षरही गेलं, नुसतं बोट उरलं. मेच्या अखेरीला तर बोटही नाही. नजर फिरायची आणि मी उठायची. मला वाटायचं, काय सेवा करतेय मी! आमची नात जुई, म्हणजे मुलाची मुलगी, आईवडील नाशकात आणि कॉलेज उल्हासनगरला म्हणून आमच्याकडे राहायची. ती एकदा म्हणाली, "आजी, तू आबांना पेपर पण देतेस आणि उत्तरं पण तूच लिहितेस."

या जुईमुळे ती लढाई घरात आली. टेबलाभोवती बसून, कागद आणि फासे घेऊन खेळायची ती एक लांबलचक गोष्ट असते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. पात्रानं काय करायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं, जमलं की फसलं ते फासा सांगणार. फासासुद्धा वीस तोंडांचा. रावणानं बघितला असता तर लाजला असता. गोष्ट सांगणारी होती लवीना, उल्हासनगर चार नंबर कॅम्पातली सिंधी मुलगी. तिच्या वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर हे लोक जमायचे, पण सीझनचा माल आला आणि माळा कपड्याच्या गठ्ठ्यांनी भरला. म्हणून आमचा हॉल. तिसरा सुमेध, अंबरनाथचा. तिथल्याच एका कारखान्यात लागलेला, कधी कधी ओव्हरटाइम करून तसाच यायचा, डोक्यावर हेल्मेटचा वळ घेऊन. चौथा एक होता, तो नोकरी लागून गेला. त्याची खुर्ची रिकामी असायची. तिच्या शेजारीच यांची आरामखुर्ची.

गोष्ट चालू असताना सगळं साधं बोलणं. पण राक्षस समोर आला की एकदम वेगळीच भाषा सुरू. राउंड, टर्न, सेगमेंट, रिअॅक्शन. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकायची, आणि त्यांची भांडणं राक्षसाशी कमी, आपसात जास्त.

"राउंड म्हणजे सहा सेकंद," लवीना म्हणायची.

"जुन्या नियमात राउंड एक मिनिटाचा," सुमेध. तो हा खेळ कुठून कुठून मिळवलेल्या जुन्या नियमांच्या पानांवरून शिकला होता, आणि जुन्याचा त्याला भारी अभिमान. "त्या मिनिटाचे दहा सेगमेंट. आणि असे दहा राउंड झाले की एक टर्न."

"अरे यार, टर्न मतलब मेरा नंबर! दस मिनिट का टर्न कौन खेलता है? तेरे दादाजी?"

"माझे आजोबा पत्ते खेळतात. पण नियम तो नियम."

"आणि एका मिनिटात एकच वार?" जुई म्हणाली. "बाकीचा वेळ योद्धा काय करतो, डोकं खाजवतो?"

"झटापट चालू असते गं. हूल देतो, अडवतो, मागे सरतो. त्यातला एकच खरा लागतो. तेवढाच मोजायचा."

हे मला आतून एकदम पटलं. नवरा-बायकोच्या भांडणात तरी वेगळं काय होतं? दिवसभर भांडी आपटायची, दारं लावायची, ती सगळी हूल. लागतं ते एकच वाक्य, आणि ते आपण कधी बोलून गेलो हे आपल्यालाही संध्याकाळी कळतं.

जुईला हे शब्द मराठीतून हवे होते. मला विचारायला आली. मी म्हटलं, "सोपं आहे. टर्नला पाळी म्हणा." दोघी पोरी एकमेकींकडे बघून अशा फिदीफिदी हसल्या, की सुमेध उठून गॅलरीत जाऊन आभाळ बघायला लागला. मग 'नंबर' ठरलं. राउंडला 'फेरी'. सेगमेंटला मी 'पळ' सुचवलं. आमच्या आजीच्या तोंडात घटका आणि पळं असायची. सुमेधनं फोनवर शोधलं आणि म्हणाला, "आजी, पळ चोवीस सेकंदांचं निघालं. एका पळात लवीनाच्या चार फेऱ्या बसतात." लवीना म्हणाली, "तो तुम्हारे पुराने लोग हमसे भी स्लो थे." सगळे हसले. आरामखुर्चीत हे खिडकीकडे तोंड करून बसलेले.

कुणाचा नंबर कुणानंतर, हे लक्षात ठेवायला त्यांनी माझ्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे पळवले होते. प्रत्येक चिमट्याला नावाची चिठ्ठी, आणि चिमटे एका पुठ्ठ्याच्या कडेला ओळीनं लावलेले. लढाई सुरू होताना प्रत्येकानं फासा टाकायचा, ज्याचा आकडा मोठा तो ओळीत पुढे. एका रविवारी मी पुसायला गेले तर ओळीत एक नवा चिमटा. त्यावर लिहिलेलं, 'आबा'.

"हे काय गं?"

"खुर्ची रिकामी होती," जुई म्हणाली. "आबांना विचारलं. त्यांनी मान हलवली."

यांना जादूगार केलेलं. जुईनं यांच्यासाठी चार मंत्रांची चार चित्रं काढून दिलेली: आग, कोळ्याचं जाळं, मिटलेले डोळे, आणि ओठांवर ठेवलेला तळहात. माझ्या मनात आलं, पुन्हा पत्तेच की! आता भिरकावतील. भिरकावले नाहीत. डाव्या हातानं ते नीट एका रेषेत लावले.

आणि मग नंबर आला. "आबा," लवीना म्हणाली, "पुलावर राक्षस आहे. खाली नदीला पूर. तुम्ही काय करताय?"

यांनी आगीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"नुसतं बोट नाही चालत, आबा. मंत्र आहे ना, बोलावा लागतो. खरंच तसा नियम आहे."

सगळे थांबले. कुणी फोन काढला नाही, कुणी खाकरलं नाही. यांचा जबडा हलला. "आ..." मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं. माझ्या पायांच्या तळव्यांना मुंग्या आल्या. "आ..." अरे, शब्द दोन अक्षरांचा! माझ्या जिभेवर कधीचा येऊन बसलेला, दार वाजवतोय. मी पदर पिळला. डावा पाय उजव्यावर घासला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि घड्याळही मुद्दाम हळू चाललंय असं वाटलं. आणि मग माझ्याच्यानं राहवेना. "आग म्हणतायत ते! आग! टाका आग!"

यांनी चित्रावरचं बोट उचललं. मान खिडकीकडे वळवली. त्या रविवारी पुन्हा टेबलाकडे बघितलंच नाही.

 पोरं गेल्यावर जुईनं भांडी घासली, फार जोरात. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत चालले होते. मला काय ते कळत नव्हतं होय? चांगलं कळत होतं. पण कळणं एक आणि जीभ एक. ती विशीतली बाई अजून ट्रे घेऊन माझ्या तोंडात उभी होती, आणि तिला बसायला सांगायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी लवीनानं माझ्यासमोर एक चिमटा धरला. "आजी, तुम्ही पण खेळा. बाहेरून बोलणाऱ्याला नियम लागत नाही. आत आल्या की लागतो." चतुर पोरगी; दुकानदाराची लेक, गिऱ्हाईक ओळखते. जुई म्हणाली, "आजी, तू जखमा बऱ्या करणारी हो." मी म्हटलं, "जन्मभर तेच केलंय. मला चोर करा." झाले चोर. नाव ठेवलं ठकूताई.

आत गेल्यावर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रिअॅक्शन. दुसऱ्याच्या नंबरात मध्ये घुसायची परवानगी! म्हणजे कुणी आपल्या जवळून पळायला लागला तर त्याला चटकन एक हाणायचा, आपला नंबर नसताना. पण एका फेरीत एकदाच. माझी ती एकदाची संधी पहिल्याच माणसाच्या नंबरात खर्च व्हायची. मग उरलेली फेरी मी खुर्चीच्या कडेवर, हात मांड्यांखाली दाबून. "आजी, रिअॅक्शन संपली," सुमेध गंभीरपणे आठवण करून द्यायचा. आणखी एक नियम होता: लढताना चार शब्द बोलले तर त्याला काही पडत नाही, ते फुकट. हे ऐकल्यावर मी म्हटलं होतं, वा, हा माझाच खेळ! मग सहज यांच्याकडे नजर गेली. या माणसाला एका शब्दाला अख्खा नंबर पुरत नव्हता. माझी फुशारकी तिथल्या तिथे विरघळली.

त्या दिवशी यांचा नंबर पुन्हा आला आणि पुन्हा तेच. ओठ हलतात, शब्द नाही. मी दातांखाली जीभ धरली, पण वेगळ्याच बाजूनं सुटली. "लवीना, इतका वेळ तो राक्षस काय जांभळं खात थांबलाय का गं?"

लवीना हसली नाही. "आजी, तिकडे वेळ झालाच नाही. राउंड सहा सेकंदांचा. आबांनी इथे चहा पिऊन, झोप काढून मग सांगितलं, तरी तिकडे सहाच सेकंद. पुलावर कोणाला कळणार पण नाही की इथे किती लागले."

"जुन्या नियमात तर..." सुमेध सुरू झाला.

"तू गप रे."

यांनी मान वर केली. लवीनाकडे बघितलं, नकाशात चूक आहे का बघताना बघायचे, अगदी तसंच, डोळे बारीक करून. मग पुठ्ठ्यावरच्या चिमट्यांकडे. मला वाटतं झटका आल्यापासून पहिल्यांदा यांना कुणीतरी सांगत होतं, की तुम्हाला उशीर झालेला नाही. आम्ही सगळे, डॉक्टर, मॅडम, मी, सगळे यांच्यासमोर घड्याळ धरून उभे. आणि ही पोरगी म्हणत होती की असंही एक ठिकाण आहे, जिथे वाक्य संपेपर्यंत नदीचं पाणीसुद्धा पुढे सरकत नाही.

यांनी चौथ्या चित्रावर बोट ठेवलं. ओठांवरचा तळहात.

"मौनाचा मंत्र," लवीना म्हणाली. "भारी! त्या राक्षसाकडे पण मंत्र आहेत, त्याचं तोंड बंद होईल. बोला, आबा."

कितीतरी वेळ गेला. लाईट गेली, पंखा थांबला. घामाचा थेंब माझ्या नाकावर आला आणि मी तो पुसला नाही. सुमेधनं पुठ्ठ्यानं वारा घालायला सुरुवात केली, तर चिमटे खाली पडले. कुणी उचलले नाहीत.

"ग..." यांनी श्वास घेतला. "गप्... गप्प."

जुईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"झाला मंत्र!" लवीना ओरडलीच. "राक्षसावर टाकला ना, आबा?"

यांनी मान नाही म्हणून हलवली. डावा हात उचलला. तो टेबलावरून, फाशांवरून, पुलावरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबला.

"हि... हिच्यावर."

काय सांगू! सुमेध खुर्चीवरून घसरला. लवीना टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. जुई हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मी म्हटलं, "अहो, मी तुमच्या बाजूची आहे!" आणि लवीनानं ताबडतोब हात वर केला. "आजी, नाही! मौन लागलं. दहा राउंड. एक शब्द नाही."

"लवीनाच्या हिशोबानं एक मिनिट," सुमेध डोळे पुसत म्हणाला. "माझ्या हिशोबानं दहा मिनिटं."

एक मिनिट काय नि दहा मिनिटं काय! यांच्या सहा सेकंदांना चहाच्या दोन फेऱ्या लागतात हे मला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत तीनच राउंड झाले आणि पोरं उठली. मी जुईला खुणेनं विचारलं, आता पुढच्या रविवारपर्यंत माझं तोंड उघडं की बंद? ती म्हणाली, "आजी, घड्याळ थांबलंय. आठवडाभर तू मोकळी." मी तोंड उघडलं. आरामखुर्चीतून यांनी शांतपणे ओठांवर बोट ठेवलं.

तो आठवडा! मला कुणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. अगदी मुकी राहिले नाही. भाजीवाल्याशी बोलले, फोनवर मुलाशी भरपूर बोलले, चामटोलीच्या नणंदेशी तर तिचं आणि माझं दोघींचं बोलले. पण यांच्याशी बोलताना यांचा शब्द संपेपर्यंत थांबायचं, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, पाय ठरवू देत नव्हते. यांनी "पा" म्हटलं की मी उठून गॅलरीत जायची, कुंड्या मोजून परत यायची, तोवर "णी" आलेलं असायचं. कधी कुंड्या दोनदा बघून झाल्या तरी आलेलं नसायचं. मग कठड्याला धरून उभी राहायची. खाली बायका टोपल्या घेऊन जायच्या, आभाळ तसंच टम्म फुगलेलं. इतकी वर्षं मी यांच्यासाठी जे शब्द आणून दिले, त्यांतले यांचे किती होते कोण जाणे. बुधवारी हे "पा" म्हणाले, मी मनात पाणी, पाय, पान, पेपर सगळं धरून उभी, आणि आलं "पाल". खरंच भिंतीवर पाल होती. मला ती सुचलीच नसती.

पुढच्या रविवारी मौन पुढे सुरू. आता हे चटावले होते. प्रत्येक नंबरात काहीतरी म्हणायचेच. "जाळं." "मागे." एकदा जुईचं पात्र पुलावर कोसळलं तेव्हा, "ति... तिला... उचल." दोन शब्द, कुणीही न पुरवलेले. सुमेधनं तिला उचललं. मी आपली चोर, तोंड बंद, राक्षसाच्या कमरेची किल्ली काढून घेतली आणि कुणाला सांगताही येईना, म्हणून हातवारे करून नाचले. ती नाचणारी म्हातारी आठवली की मलाच हसू येतं. विशीतल्या बाईनं बघितलं असतं तर वेणीला झटका देऊन निघून गेली असती.

शेवटी लवीनानं पुठ्ठ्यावर टिचकी मारली. "आजी, दहावा राउंड संपला. मंत्र उतरला. बोला!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मोठ्ठा श्वास घेतला. आठवड्याचं साठलेलं होतं. आणि त्या श्वासाबरोबरच नाकात वास आला. जुईनं मघाशी आत चहा ठेवला होता. तो उतू जाऊन, आटून, आता पातेल्याला लागत होता.

तेवढ्यात यांनी डावा हात वर केला. "जु..."

पोरं लगेच यांच्याकडे वळली. नवा डाव असणार, राक्षसाचं आता काही खरं नाही, म्हणून लवीना पुढे वाकली. "च..." यांनी हात स्वयंपाकघराकडे केला. पोरांना वाटलं, पुलाच्या पलीकडे. मला सगळं वाक्य दिसत होतं. तीन शब्द. तिन्ही माझ्या जिभेवर, ओळीनं, बूट घालून तयार. मौन उतरलेलं, रिअॅक्शन शिल्लक, नियम माझ्या बाजूला. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर माझा सगळा भार टाकला. वास वाढला. पायाचा अंगठा फरशीवर आपोआप आपटायला लागला. "च... चहा..." आतून धूर यायला लागला. "क..." मी डोळे मिटले. "कर... करपला."

"जुई, चहा करपला!" आता कुठे सुमेध ओरडला आणि तिघं आत धावली. गॅस बंद झाला, खिडक्या उघडल्या, पातेलं नळाखाली फसफसलं. ते कायमचं गेलं होतं, तळाला कोळसा.

लवीना ते सांडशीत धरून बाहेर आली. "आजी, तुम्ही तर दाराजवळ बसल्या होत्या. तुम्हाला वास नाही आला?"

"नाही गं बाई," मी नाक ओढलं. "मला कालपासून सर्दी झालीये."

"खोटं," हे म्हणाले. आणि त्या शब्दाला यांना मुळीच वेळ लागला नाही.